चार शिलांचा माणूस

देवमनला अफूची सवय कुणी लावली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्यात काही वावगं झालं असं कुणालाच वाटत नव्हतं. तेल्हाऱ्यापासून दीड कोसावरच्या त्या गावचा तो कोतवाल. कोतवाल म्हणजे नाव मोठं आणि लक्षण खोटं. पाटलाचे निरोप, सरकारी लखोटे, दौऱ्यावर आलेल्या साहेबाची वळकटी, सारं त्याच्या डोक्यावर. आज हिवरखेड, उद्या अकोट, आणि परत येऊन भाकरीला हात लावावा तर पुन्हा हाक. तरण्या वयात एकदा तो पाटलाला म्हणाला, "जी, पाय उचलत नाईत." पाटलानं आपल्या डबीतून हरभऱ्याएवढी अफू काढून त्याच्या तळहातावर टाकली. पाय उचलले. त्यानंतर पाटलाला त्या पायांची कधी काळजी करावी लागली नाही, आणि देवमनजवळ त्याची स्वतःची डबी आली.

केशरबाई लग्न होऊन आली ती त्या डबीशी भांडायलाच. डबी तिनं कणगीत लपवली, विहिरीत टाकली, पीराचा अंगारा आणला, मैना झाल्यावर लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. देवमन शपथ घ्यायचा, अगदी मनापासून घ्यायचा, आणि आठ-पंधरा दिवसांत कुठून तरी तो काळा कण त्याच्या जिभेखाली जायचाच. बरं, मारझोड नाही, शिवीगाळ नाही, परक्याच्या काडीला हात नाही. असल्या नवऱ्याचं गाऱ्हाणं करायचं तरी कुणाकडे? बायका म्हणायच्या, "केशर, तुया नवरा त देव हाये वं." होताच देव. देवासारखाच बसून राहायचा, डोळे अर्धे मिटून, घरात असून नसल्यासारखा. मैनाला चांदूर रेल्वेला दिली. वऱ्हाडाची गाडी निघाली, लेकीनं बापाच्या नावानं हंबरडा फोडला, आणि हा ओट्यावर बसून मंद हसत होता. ते हसू आठवलं की केशरबाईला पुढं कित्येक वर्षं घास गोड लागत नसे.

मग छप्पन साली नागपूरची दीक्षा झाली. बैलगाडीनं, रेल्वेनं, पायी, जसं जमेल तसं लोक गेले आणि दुसरेच होऊन परत आले. देव्हाऱ्यातले देव नदीत गेले. मेलेलं ढोर ओढणं बंद झालं. देवमननं कोतवालीचा पट्टा आणि काठी पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आता दुसरा पाहा जी." बास, एवढंच. घरी आला तेव्हा त्याची मान इतकी ताठ होती की केशरबाईला वाटलं, आता डबीही गेली म्हणून समजा. सगळं गेलं, डबी तेवढी राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते म्हणणाऱ्यानं अफू खाणारा पाहिलेला असणार.

दर रविवारी पंजाबरावच्या अंगणात वंदना व्हायची. पंजाबराव तेल्हाऱ्याच्या जिनिंगमध्ये कामाला होता, सातवी शिकलेला होता, पाली शब्द तो पुढं म्हणायचा आणि बाकीचे मागून. जिभा नव्या शब्दांवर ठेचकाळायच्या, पण हौस दांडगी. त्या सगळ्यांत देवमनचा आवाज वेगळा ओळखू यायचा. दवंडी देऊन देऊन कमावलेला गळा तो. पहिलं शील, हिंसा करणार नाही. दुसरं, चोरी करणार नाही. तिसरं, चवथं. आणि पाचवं आलं, नशापाणी न करण्याचं, की तो गळा बंद व्हायचा. एवढा मोठा आवाज थांबला की अंगणात भोक पडल्यासारखं व्हायचं. बायकांच्या रांगेत बसलेली केशरबाई मान खाली घालायची.

"काहून नाई म्हनत तुमी?" तिनं एकदा घरी विचारलं. "तोंड हालवलं त काय जाते तुमचं? लोक हासतात."

"चवथं शील कोनतं हाये?" देवमन म्हणाला.

"खोटं न बोलाचं."

"मंग? खिशात डबी ठेवून पाचवं म्हनलं, त चवथंबी जाते. चार हायेत तेवढे राहू दे."

ही गोष्ट बाहेर फुटली, कशी ते देव जाणे, आणि पोरांनी त्याचं नाव पाडलं, 'चार शिलांचा माणूस'. देवमनला त्याचा राग आला नाही. खरं बोलणाऱ्याला राग कशाला येईल? पण केशरबाईच्या काळजात ते नाव सलत राहिलं. मरायच्या आधी एकदा तरी ह्या माणसाच्या तोंडून पाचवं शील ऐकायचं, एवढी एकच इच्छा तिनं धरली. दागिन्याची नाही, लुगड्याची नाही. ह्या एकाच गोष्टीची.

सरकारनं हुकूम काढला की पुढल्या मार्चपासून अफूची दुकानं बंद, खाणाऱ्यांना मिळणारे पास बंद, सगळं बंद. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात सोय. केशरबाईनं हे ऐकलं आणि संक्रांत होताच नवऱ्याला पुढं घालून दवाखाना गाठला.

दवाखान्याच्या मागं निंबाखाली एक लांब बाक होता, त्यावर सकाळी तालुक्यातले अफूवाले बसलेले असायचे. अफूनं जात पाहिली नव्हती, बाकानं मात्र पहिले काही दिवस पाहिली. देवमन बसला की एक पाटीलबुवा आणि एका दुकानाचे मुनीमजी उठून उभे राहायचे. पण डॉक्टरांना यायला उशीर होऊ लागला, जांभया सुरू झाल्या, नाकं गळायला लागली, की दोघेही मुकाट्यानं टेकायचे, आणि कुणाचा गुडघा कुणाला लागतो याची शुद्ध कुणालाच राहायची नाही. आठवड्याभरात मुनीमजी देवमनला तपकीर देऊ लागले.

डॉक्टर उद्धव पांढरीपांडे अमरावतीचे. वय कोवळं, चष्मा जाड, बोलणं कडक. त्यांची रीत साधी होती. रोज यायचं, त्यांच्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, आ करून दाखवायचा आणि जायचं. गोळी अफूचीच, पण पंधरवड्या-पंधरवड्याला ती लहान होत जायची, शरीराला पत्ता लागू न देता. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून बजावलं.

"देवमनबाबा, एक गोष्ट लक्षात ठेवा. मर्दुमकी दाखवून एकदम सोडायची नाही. तुमच्या वयाला ते झेपणार नाही. आतडी सुटतील, जिवावर बेतेल. बाई, तुम्ही ऐकलंत ना? लक्ष तुम्ही ठेवायचं."

"ठेवतो जी," केशरबाई म्हणाली.

देवमननं विचारलं, "डाक्टरसाहेब, हे गोळी खाल्ली त शील मोडते काय?"

डॉक्टरांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर ते हसले नाहीत. "हे औषध आहे, बाबा. औषधानं काही मोडत नाही."

पंजाबरावनंही तेच सांगितलं. देवमननं दोघांचं ऐकून घेतलं. घरी येताना वाटेत म्हणाला, "हे बी तेच अन् ते बी तेच. म्या चव ओळखतो."

तरी तो जात राहिला. गोळी हरभऱ्याची तुरीएवढी झाली, होळी झाली तेव्हा मुगाएवढी. माणूस दुपारचा जागा राहू लागला. एकदा केशरबाई तुरी पाखडत होती, तर हा समोर बसून म्हणाला, "तुह्या कानात बाया नाईत काहून वं?" कानातल्या बाळ्या मैनाच्या लग्नात मोडल्या होत्या. इतकी वर्षं त्याला दिसलं नव्हतं. केशरबाई उठून आत गेली आणि चुलीजवळ बसून रडली. ते रडणं सुखाचं होतं.

पण मध्येच बिनसलं. वैशाख तापला, बुद्धजयंती जवळ आली, आणि देवमनचं अंग वाजू लागलं. डोळ्यांतून पाणी, पिंडऱ्यांत गोळे, पोट ठिकाणावर नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा मोठी केली. काही फरक नाही. आणखी मोठी केली. माणूस वाळतच चालला. शेवटी डॉक्टरांनी केशरबाईला बाजूला घेतलं.

"बाई, राग मानू नका. गोळी पोटात जाते ना? काही लोक गालात धरतात, बाहेर नेऊन साठवतात आणि मग एकदम खातात. विकतातही."

"आमच्या घरचा तसा नाई जी," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण परतीच्या वाटेवर तिच्या मनात किडा वळवळत राहिला. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि तिचं तर तीस वर्षं पोळत आलं होतं.

बुद्धजयंतीला पंजाबरावच्या अंगणात मांडव घातला होता. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं आली होती. देवमन पांढरं धोतर नेसून, पांढरा पटका बांधून पहिल्या रांगेत बसला. अंगाला बारीक कंप होता, पण बसला ताठ. वंदना सुरू झाली. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चवथं. केशरबाईनं सवयीनं मान खाली घातली.

आणि पाचवं शील देवमननं म्हटलं. दवंडी द्यावी तसं म्हटलं, एक शब्द न ठेचकाळता, शेवटपर्यंत. बाकीचे लोक मध्येच म्हणायचे थांबले आणि त्याच्याकडे बघत राहिले. पंजाबरावला पुढचं सुचेना, त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. केशरबाईच्या शेजारच्या बाईनं तिचा हात धरला. तिला वाटलं, आता ह्या घडीला मी मेले तरी चालेल. त्या रात्री तिनं गूळ घालून गव्हाची खीर केली. देवमननं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. पोट बरं नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पटका धुवायला घेतला. शेवटाला गाठ होती. गाठ सोडली, तर आत गोळ्या. दवाखान्याच्या, ओल्या होऊन वाळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

ती तशीच हात पुढं करून त्याच्यासमोर उभी राहिली. "हे काय हाये?"

देवमननं पाहिलं. "ठेवून दे ते."

"ठेवून देऊ? काल सारं अंगन रडलं तुमच्यासाठी. पंजाबराव रडला. अन् तुमी हे गाठीले बांधून बसले व्हते. पाचवं शील खोटं म्हनलं तुमी, हजार मानसाईसमोर."

"खोटं नाई म्हनलं."

"मंग हे कोनाचं?"

"सरकारचं हाये," देवमन म्हणाला.

ह्या उत्तरावर तिला हसू आलं, आणि त्या हसण्यासरशी तीस वर्षांचा संताप वर आला. तिनं मूठ वळली आणि गोळ्या पेटत्या चुलीत टाकल्या. देवमन अर्धा उठला, हात पुढं केला, आणि पुन्हा बसला. त्याला काही बोलायचं होतं. पण त्यानं आयुष्यात इतक्या शपथा घेऊन मोडल्या होत्या की खरं सांगायला तोंड उरलं नव्हतं, आणि तिला ऐकायला कान उरले नव्हते.

त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दवाखान्यातही नेलं नाही. डॉक्टरला कोणतं तोंड दाखवायचं? देवमन लोटा घेऊन घरामागं जायचा, यायचा, पुन्हा जायचा. ती बघायची आणि कूस बदलावी तसं मन दुसरीकडे वळवायची. असली नाटकं तिनं पाहिली होती. डबी लपवली की तो असाच कण्हायचा, असाच पोट धरायचा, आणि तिनं पाघळून डबी काढून दिली की तासाभरात हसायचा. ह्या खेपेला पाघळायचं नाही, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही ती ठरवल्याप्रमाणे वागली. दुपारी लोटा घेऊन गेलेला माणूस परत आला नाही, तेव्हा तिला शंका आली.

घरामागं बाभळीच्या सावलीत तो पडला होता. धोतर खराब झालेलं, ओठ वाळून फुटलेले, डोळे आत गेलेले. तिनं हाक मारली. त्यानं डोळे उघडले आणि ओळखलं.

"खाल्लीच नाई म्या," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की तिला कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला. "आठ दिस झाले. दाढ पडली ना, त्या खळग्यात धरून आनत व्हतो. पाचवं शील म्हनाचं व्हतं. त्याच्या आधी तोंडात कन जाऊ द्याचा नव्हता."

"मंग ठेवल्या कायले? फेकल्या काहून नाईत?"

"सरकारचा माल. फेकाचा कसा? डाक्टरले वापस कराचा व्हता."

लखोटा असो की वळकटी, सरकारची चीज त्यानं जन्मात कधी वाटेत टाकली नव्हती. हे केशरबाईला माहीत होतं. गावात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिलाच ते आठवलं नाही. ती तिथं जमिनीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पंजाबरावच्या नावानं हाका मारू लागली.

पंजाबराव सायकल घेऊन तेल्हाऱ्याला सुटला. डॉक्टर त्याच्या मागोमाग आपल्या सायकलवर आले, घामानं थबथबलेले. नाडी पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. चिमूट सोडली तरी कातडी तशीच उभी राहिली. त्यांनी मीठसाखरेचं पाणी करायला लावलं. चार घोट गेले आणि उलटून पडले.

"आधी जुलाब थांबले पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पिशवीतून गोळी काढून चमच्यात पाण्यानं विरघळवली. "देवमनबाबा, एवढं घ्या. मग पाहू."

देवमननं चमचा पाहिला आणि ओठ मिटले. डॉक्टरांनी समजावलं, दरडावलं, हात जोडले. तो मान दुसरीकडे वळवायचा. पंजाबराव उशाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, आयका माह्यं. धम्म कोनाचा जीव घ्याले नाई सांगत. हे औषध हाये. घ्या." देवमननं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

डॉक्टर उठून केशरबाईजवळ आले. "बाई, संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर हातातून जातील. मी जबरदस्ती केली तर दात मिटून घेतात. तुमचं ऐकतील तर पाहा."

त्यांनी चमचा तिच्या हातात दिला. चमच्यात तपकिरी पाणी होतं. जन्मभर जे ओतून टाकायला ती धडपडली, ते आता सांडू नये म्हणून तिनं चमचा दोन्ही हातांनी धरला.

ती त्याच्याजवळ बसली. "मैनाचे बाबा, घ्या."

देवमननं तिच्याकडे पाहिलं. "नोको," तो म्हणाला. मग म्हणाला, "मले पुरं राहू दे वं. लई वर्सांनी झालो."

केशरबाईला त्याचं म्हणणं पुरतं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. एका बाजूला तो होता, पाच शिलांचा, ताठ, ज्याची तिनं वाट पाहिली होती. दुसऱ्या बाजूलाही तोच होता, तिच्या मांडीवर हळूहळू गार होत चाललेला. दोन्ही राहणार नव्हते. असल्या वेळी काय करावं हे सांगणारे शहाणे नंतर पुष्कळ भेटतात. तिच्याजवळ तेव्हा कुणी नव्हतं, आणि सूर्य कलत होता.

नाक दाबलं की तोंड उघडतं, असं आपण येता-जाता म्हणतो. तिनं खरंच नाक दाबलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी, तान्ह्या पोराला एरंडेल पाजताना दाबतात तसं. देवमननं तिचं मनगट धरलं, पण त्या पकडीत जोर नव्हता. तोंड उघडलं. तिनं चमचा आत रिकामा केला आणि तळहातानं ओठ मिटून धरले, गळ्याची घाटी वरखाली होईपर्यंत. त्याचे डोळे सगळा वेळ तिच्याकडे होते. त्यांत राग नव्हता. राग असता तर तिला पुढं आधार झाला असता.

देवमन जगला. अंधार पडायच्या सुमारास पोट थांबलं, मीठसाखरेचं पाणी टिकू लागलं, आणि चार दिवसांनी तो भिंतीला टेकून बसला. गाव म्हणालं, केशरबाईनं यमाच्या दाढेतून नवरा ओढला. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही होता म्हणून. पंजाबरावनं देवमनला परोपरीनं समजावलं, "दादा, शील मोडलं त पुन्हा घ्याचं. ते काय काचेचं भांडं हाये? म्हनून त दर रविवारी घेतो आपन." देवमन ऐकायचा, मान हलवायचा. पाचव्याला मात्र त्याचा गळा पुन्हा बंद झाला होता. केशरबाईनं मनाची समजूत घातली की गोळी चालू आहे तोवर असंच चालणार. गोळी संपली की म्हणतील.

आता तो दवाखान्यात गोळी गिळायचा, आणि डॉक्टरांनी सांगायच्या आत आ करून दाखवायचा. पावसाळा गेला. गोळी ज्वारीएवढी झाली, मग राळ्याएवढी, मग डॉक्टरांना ती चिमट्यानं उचलावी लागू लागली. दिवाळीच्या अलीकडे एक दिवस त्यांनी देवमनचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाबा, उद्यापासून यायचं नाही. सुटलात तुम्ही." बाकावरचे लोक उभे राहिले. मुनीमजींनी पेढे वाटले; त्यांची स्वतःची गोळी अजून मुगावरच अडली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं, ह्यांच्याकडे पाहा, मनात आणलं तर कसं होतं ते. देवमन हात जोडून उभा होता. डोळे स्वच्छ, पूर्ण उघडे.

परतीच्या वाटेवर दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बायका वाकून पुढं सरकत होत्या. केशरबाईच्या पायांना आज वाट जाणवतच नव्हती. ती त्याच्या मागून चालत होती आणि बोलत होती, मैनाला निरोप धाडू, रविवारी बोलावून घेऊ, अंगण सारवायचं आहे. देवमन हं हं करत होता.

"रविवारी म्हनसान ना आता?" तिनं विचारलं.

"काय?"

"पाचवं."

देवमन म्हणाला, "ते म्या एकडाव घेतलं व्हतं. मोडलं ते मोडलं."

"आता त सुटली ना अफीम. डाक्टर म्हनले, सुटले तुमी. आता त खरंच हाये."

"सुटली. बरं झालं. तुयामुळं झालं." तो हे मनापासून म्हणत होता. "पर शील म्हंजे सुटनं नाई. म्या शब्द देल्ला व्हता, अन् तो तोंडातच मोडला. पुन्हा देल्ला त कोनाले खरा वाटन? मलेच नाई वाटनार."

केशरबाई वाटेत थांबली. बाभळीपासून दिवाळीपर्यंत जी गोष्ट तिच्या जिभेवर येऊन परत जात होती ती आता आली. आपण ती बोलून दाखवावी आणि त्यानं 'नाही' म्हणावं, म्हणजे सगळं मिटेल, असं तिला वाटत आलं होतं.

"तुमी नाई मोडलं," ती म्हणाली. "तुमी तोंड मिटूनच व्हते. ते म्या मोडलं."

देवमन वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, सरळ, जागेपणी. इतकी वर्षं तिनं ज्या नजरेची वाट पाहिली, तीच ही नजर होती. बिचाऱ्याला तिचं मन राखायला एक खोटा शब्द पुरला असता. पण चार शिलं त्याच्याजवळ अजून शाबूत होती.

"हो," तो म्हणाला.

मग तो पुन्हा चालू लागला, आणि थोड्या वेळानं ती त्याच्या मागून निघाली.